सर्जेरावांचा खोकला

"बसा, बसा. एकदम साफ करून देतो," असं म्हणत विलासमामानं कॉटवरची गादी उचलली, पाहुण्यांच्या नाकासमोरच दोनदा जोरात झटकली, परत टाकली आणि वरून हातानं थोपटलीसुद्धा. पाहुणे बसले.

पाहुण्यांचं नाव सर्जेराव. आदल्या दिवशी हे नाव कानावर पडल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर घोड्यावर बसलेला एक माणूस होता. फेटा, झुपकेदार मिशा, ही एवढी छाती! प्रत्यक्षात जे आले ते सायकलच्या तारेसारखे बारीक होते. पांढरा शर्ट, काळी पँट, हातात कापडी पिशवी. पिशवीतून सोनेरी गोंड्याची लाल टोपी डोकावत होती. सर्जेराव बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. त्या दिवशी संध्याकाळी आमच्याच गावात एक लग्न होतं आणि त्यांचा बँड तिथं ठरलेला होता.

"म्हणजे बायको बघायला येतोय का सुपारी वाजवायला?" मामा सकाळपासून हेच विचारत होता.

"दोन्ही," हे स्थळ आणणाऱ्या मेघनाताई म्हणाल्या होत्या. "एका भाड्यात."

सर्जेराव बघायला आले होते ते माझ्या आईला. हो, आईला. मी तेव्हा सहावीत होते. आता दहावीत आहे आणि वर्गात मला गप्प बसवायला दोन बाई लागतात, पण सहावीतली तेजल म्हणजे तोंडाला कुलूप. शाळेत हजेरी देतानासुद्धा मी नुसता हात वर करायचे.

आईला एचआयव्ही आहे. आज हे मी चहात आलं घातलंय म्हणावं इतक्या सहज लिहिते, पण तेव्हा आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नसे. "शालनचं ते," असं म्हणायचे. पोटात मी असताना दवाखान्यातल्या नेहमीच्या तपासणीत तिला 'ते' कळलं. मग पप्पांची तपासणी झाली. ते बोअर मारायच्या गाडीवर होते, महिनोन् महिने बाहेर. त्यांनाही निघालं. मला नाही. मी जन्मल्या जन्मल्या नर्सबाईंनी माझ्या तोंडात औषधाचे थेंब सोडले होते, आणि मी सुटले.

पप्पा नाही सुटले. गोळ्या सुरू झाल्या, वजन वाढलं, गालांवर तेज आलं, तशी त्यांनी गोळ्या बंद केल्या. "बरं वाटायला लागल्यावर औषध कशाला?" असं म्हणायचे. मग एक खोकला आला आणि तो गेलाच नाही. मी पहिलीत असताना पप्पा गेले. त्यांचा चेहरा आठवायला मला फोटो बघावा लागतो. खोकला मात्र कुठल्याही वेळी कानात ऐकू येतो. आधी एक कोरडी उबळ, मग दुसरी, मग छातीतून काहीतरी ओढून काढल्यासारखा आवाज.

त्यानंतर आई मला घेऊन मामाकडे आली. मामाचं मिरची कांडपाचं दुकान होतं. आमच्याकडे त्या मशीनला डंक म्हणतात. उन्हाळ्यात सगळा गाव वर्षाची चटणी कांडायला आमच्या दारात. आई डंकावर काम करायची आणि आम्ही तिघं त्याच्या मागच्या खोलीत राहायचो. त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून मामानं ऐन हंगामात मशीन बंद ठेवलं होतं, फरशी धुतली होती, उदबत्ती लावली होती. याहून जास्त स्वच्छता कुणी करून दाखवावी!

मेघनाताई मिरजेच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक. तिथं गोळ्या घ्यायला येणाऱ्यांशी बोलायचं, त्यांना धीर द्यायचा, हे त्यांचं काम. आणि त्यातूनच त्या कधीमधी लग्नंही जमवायच्या. त्या आमच्याकडे आल्या की कायम उंबऱ्यातच बसायच्या, स्कूटरवर गुंडाळलेला स्कार्फ तोंडावरून न काढता. "मला धुळीची ॲलर्जी आहे हो," म्हणायच्या. त्या दिवशीही तशाच बसल्या.

आईनं पोहे आणले. खालच्या मानेनं नाही हं. सरळ समोर ठेवले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी तिच्या मागं, तिचा पदर मुठीत धरून. आदल्या रात्री तिनं मला जवळ घेऊन एकच सांगितलं होतं. "तेजू, तू हो म्हणलीस तर हो. तू नको म्हणलीस तर त्या माणसाचं नाव परत या घरात निघणार न्हाई." सगळा निकाल माझ्याकडे. आणि मी तोंड न उघडणारी!

"शेती?" मामानं सुरुवात केली.

"न्हाई."

"घर?"

"दोन खोल्या. पत्र्याच्या. पण स्वतःच्या हायत."

"पावणं कुठल्या..." मामा जातीकडे वळायला लागला तशी ताईंनी स्कार्फमधूनच त्याला अडवलं.

"विलासराव, इथं तसलं विचारत नाहीत. इथं गोळ्या विचारतात."

मग आईनंच विचारलं. तिचा आवाज अगदी सरळ होता. "गोळी कधी चुकलीय?"

सर्जेरावांनी हातातली ताटली खाली ठेवली. "एकदा. बँड जतला गेलता. पिशवी टेंपोत राहिली, टेंपो पुढं निघून गेला. सकाळी मोटरसायकल मागून घेतली आणि टेंपोच्या मागं लागलो. मालक म्हणला, ट्रम्पेट राहिलं का काय? म्हटलं, ट्रम्पेट काय मेलं, दुसरं मिळंल." मग त्यांनी मान वर केली. "आणि तुमची?"

आई म्हणाली, "हिचे पप्पा गेले तवा. भूक न्हाई, तहान न्हाई, गोळी कुठली ध्यानात ऱ्हातीया. वाटलं, आता कुणासाठी? मग एका सकाळी ही उठली, फळीवरनं डबी काढली, तांब्यात पाणी घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काय बोलली न्हाई. नुसती उभी."

सर्जेरावांनी माझ्याकडे बघितलं. मी पदराआड गेले.

"आता माझं ऐका," ताई म्हणाल्या. "लोक पत्रिका जुळवतात, आम्ही रक्त जुळवतो. या दोघांच्याही रक्तात विषाणू आता मोजायलासुद्धा सापडत नाही."

"म्हंजे बरे झाले?" मामा.

"बरे नाही म्हणायचं. बांधून घातलाय त्याला. गोळी रोज चालू तोवर तो दावणीलाच. आपल्या माणसाला त्याची लागण होत नाही, पुढं मागं मूल झालं तर तेही औषधानं सुखरूप राहतं. ही तेजलच बघा की. तिच्या वेळेला आतासारखी औषधंसुद्धा नव्हती."

'मूल' म्हटल्यावर आईनं एकदम छताकडे बघितलं आणि सर्जेरावांनी घाईघाईनं पोह्यांचा मोठा घास घेतला. मला तेव्हा, खोटं कशाला सांगू, तो बारीक माणूस आवडायला लागला होता. टेंपोच्या मागं पळणारा. 'हो' अगदी जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं.

आणि तिथंच त्यांना खोकला आला.

आधी एक कोरडी उबळ. मग दुसरी. त्यांनी हाताची मूठ तोंडावर धरली, घसा खाकरला, "काय न्हाई, काय न्हाई," म्हणाले आणि परत सुरू झालं. मामानं पाण्याचा तांब्या पुढं केला. ते प्यायले. परत उबळ. डोळ्यांतून पाणी, मानेच्या शिरा टरारलेल्या, छातीतून तो ओढून काढल्यासारखा आवाज. खोलीत बाकी सगळं शांत. आम्ही तिघं अगदी आरामात श्वास घेत होतो आणि मधोमध गादीवर बसून तो एकटा माणूस खोकत होता.

आईचा पदर मी इतका घट्ट ओढला की तिच्या खांद्यावरची पिन निघाली.

"टीबी?" मामानं हळूच, म्हणजे त्याच्या मतानं हळूच, ताईंना विचारलं.

"झाला होता मागं. पूर्ण बरा झालाय, कागद आहेत माझ्याकडे. ठसका लागला असेल हो."

"ठसका पाण्यानं थांबतो ताई. आणि कागद खोकत न्हाई, माणूस खोकतोय."

सर्जेराव उठले. पिशवी घेऊन दाराकडे गेले, चौकट धरून उभे राहिले. कसंबसं म्हणाले, "मी निघतो. मिरवणुकीची वेळ झाली. पोरीला इचारा तुम्ही. सावकाश इचारा."

सावकाश कसलं? आई वळली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती काहीच मागत नव्हती. नुसतं बघत होती. "तेजू?"

"नको," मी म्हणाले.

त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. तोही चांगला खणखणीत निघाला. दारातल्या माणसाला ऐकू जाईल एवढा.

सर्जेरावांनी मान हलवली. रागानं नाही. बस चुकल्यावर माणूस हलवतो तशी. "बरोबर हाय बाळ," ते म्हणाले. "कुणालाबी भ्याच वाटंल." आणि दारात वाळत घातलेल्या मिरच्यांच्या कडेकडेनं, तोंडावर रुमाल धरून, खोकत खोकत गल्लीच्या टोकाला दिसेनासे झाले.

ताई स्कार्फच्या आत दोनदा शिंकल्या. मामा म्हणाला, "बरं झालं आधीच कळलं. परत तेच उसाभरीचं जिणं नको." आई ताटल्या उचलायला लागली. कॉटपाशी गेली आणि थांबली. गादीवर लाल टोपी पडली होती. पिशवीतून निसटलेली.

आईनं ती उचलली, गोंडा सरळ केला, वरची धूळ पदरानं पुसली.

"तेजू, पळ. ही देऊन ये. टोपीबिगर मालक त्यास्नी रांगेत उभा करायचा न्हाई."

"मी?"

"लग्न नको म्हणलीस. टोपी द्यायला काय झालं?"

म्हणून मी पळाले. टोपी छातीशी धरून, चटणीच्या गल्लीतून बाहेर, पिठाच्या गिरणीवरून, बाजारपेठेतून मारुतीच्या देवळाकडे. बँडचा आवाज लांबूनच येत होता. नवरदेव पांढऱ्या घोडीवर बसून देवदर्शनाला निघालेला, पुढं पोरं नाचतायत, त्यांच्या पुढं लाल कोटातला बँड. आणि बँडच्या अगदी पुढच्या रांगेत, बिनटोपीचे, सर्जेराव.

मी कडेला थांबले. आता खोकतील, आता खोकतील, म्हणून बघत राहिले.

त्यांनी ट्रम्पेट आभाळाकडे केलं आणि एक सूर धरला. धरला तो धरलाच! मला आमच्या घरातली सवय, कुणी मोठा श्वास घेतला की माझाही आपोआप थांबतो. मी त्यांच्याबरोबर श्वास रोखला. नाचणारी पोरं थांबली. ढोलवाल्यानं हात वर धरले. सूर चालूच. माझ्या कानात ठोके पडायला लागले, गाल फुगले, डोळे बाहेर यायची वेळ आली, शेवटी फुस्स करून मी श्वास सोडला. आणि सूर अजून चालूच! मग तो एकदम वर गेला, गिरकी घेतली आणि थांबला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सर्जेरावांनी ओठ पुसले, दम घेतला. एक उबळ नाही. खाकरणं नाही. काही नाही.

मी चक्रावले. हा माणूस आत्ता आमच्या घरात मरायला टेकला होता!

मी घुसले सरळ बँडमध्ये. टोपी पुढं धरली. "काका, तुमची टोपी."

त्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं, मग टोपी घेतली आणि डोक्यावर चढवली. आणि चढवल्या चढवल्या, आऽक् छी! एक. दोन. मग खोकला. तोच! तीच उबळ, तीच मूठ तोंडावर.

पण तेवढ्यात शेजारचा क्लॅरिनेटवाला खोकायला लागला. मग त्याच्या मागचा. ढोलवाला धट्टाकट्टा माणूस, तो डोळे चोळत ओरडला, "ए पोरी! कुठनं आलीस गं? अंगाला काय चोळून आलीस? लांब हो, लांब हो!" मी घाबरून मागं सरकले ती थेट घोडीच्या तोंडाशी. घोडीनं माझ्या फ्रॉकला नाक लावलं, मान झटकली आणि अशी शिंकली, अशी शिंकली की वर नवरदेवाच्या मुंडावळ्या एका कानावरून दुसऱ्या कानावर गेल्या.

सगळी मिरवणूक हसायला लागली. मी मधोमध उभी. मी तेवढी शिंकत नव्हते.

सर्जेरावांनी टोपी काढली. नाकाशी नेली, पटकन लांब धरली. मग माझ्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मिरची," ते म्हणाले.

"कुठं?" मी म्हणाले.

"कुठं म्हंजे? तुझ्या फ्रॉकला, तुझ्या केसांना, माझ्या टोपीला! अगं, तुमास्नी वास येत न्हाई?"

मी माझी बाही हुंगली. कशाचाच वास नव्हता. आमच्या घरातल्या हवेला जसा असतो तसा. म्हणजे नव्हताच.

"काका," मी विचारलं. एवढ्या लोकांसमोर मी प्रश्न विचारत होते! "तुम्हाला हा खोकला कधीपासून आहे?"

"तुमच्या गादीवर बसल्यापासनं!"

ढोलवाला पोट धरून हसला. पण सर्जेराव हसत नव्हते. ते मला बाजूला, देवळाच्या कट्ट्याकडे घेऊन गेले, थोडं अंतर ठेवून बसले.

"मग सांगितलं का नाही?" मी म्हणाले.

"काय सांगू? मामा इतक्या मायेनं गादी झटकतोय आणि मी पाव्हणा म्हणून आलोय. गादीला नाव ठेवू? आणि दुसरं म्हंजे..." त्यांनी ट्रम्पेट मांडीवर आडवं ठेवलं. "तुमी सगळी निवांत बसलेली. खोलीत कुणाला कायबी होत न्हाई, खोकतोय मी एकटा. मलाच वाटलं, आलं परत. टीबी आला परत. आल्यापासनं फुंकतोय बघ, थांबलोच न्हाई. मालक म्हणतोय, सर्ज्या, आज काय अंगात आलंय? त्याला काय ठाऊक, मी वाजवत न्हवतो, छाती तपासत होतो."

म्हणजे त्या लांबलचक सुरात माझ्याइतकाच घाबरलेला आणखी एक माणूस होता. मी बाहेरून मोजत होते आणि तो आतून.

"मी पण श्वास धरला होता," मी म्हणाले. "मी हरले."

आता ते हसले. दात अगदी छान होते त्यांचे, एकसारखे. "हरणारच. मला सवय हाय. टीबी झाला तवा दवाखान्यात पडलो होतो, फुगा फुगत नव्हता मला. डॉक्टर म्हणले, गोळ्या घे, वेळेवर घे, एक दिवस ट्रम्पेट वाजवशील. मी म्हणलं, मला कुठं येतंय? ते म्हणले, मग शिक."

मागून मालकाची हाक आली. ते उठले. मी म्हणाले, "काका, तुम्ही इथंच थांबा. वाजवत थांबा. मी येते."

"आता कशाला पळतीस? तू सांगितलंस की तुझं."

"ते मी खोकल्याला सांगितलं होतं!"

आणि मी परत पळाले. पळता पळता मला एकदम ऋतुजा आठवली. वर्गातली. माझ्या शेजारी बसवलं की बाकाच्या टोकाला सरकणारी, नाकाला रुमाल लावणारी. मला दोन वर्षं वाटत होतं, तिला आईचं 'ते' कळलंय. म्हणून मी कुणाशी बोलत नव्हते, डबा एकटी खात होते. त्या भर बाजारपेठेत मी इतक्या मोठ्यानं हसले की भाजीवालीनं वळून बघितलं. (पुढच्या सोमवारी मी ऋतुजाला विचारलंच. ती म्हणाली, "तुझ्या दप्तरानं माझे डोळे चुरचुरतात गं, किती वेळा सांगणार होते, पण तू बोलतच नाहीस!")

घरी पोचले तेव्हा मामा गादीवरच आडवा झाला होता. आई भांडी घासत होती. ताई निघायच्या तयारीत.

"आई!" मी ओरडले. "तो खोकला त्यांचा नव्हता! आपला होता!"

"काय बडबडतीस?" मामा उठून बसला.

मी एका दमात सगळं सांगितलं. टोपी, ढोलवाला, घोडी, सगळं. मामाचा विश्वास बसेना. त्यानं गादीला नाक लावलं, खोल श्वास घेतला, दुसऱ्या बाजूनं घेतला. "कुठं काय? कापसाचा वास येतोय."

"विलासराव," ताई उंबऱ्यातून म्हणाल्या, "मी इतकी वर्षं इथं बसून ॲलर्जी ॲलर्जी करतेय ती कशाची, असं वाटलं तुम्हाला?"

"तुमी तर धूळ म्हणलाय!"

"मग तुमच्या तोंडावर कसं म्हणू, तुमच्या घरात बसवत नाही म्हणून? मघाशी ठसका म्हटलं तर तुम्ही कागदाला बोल लावलात. आणि मला वाटलं, मशीन बंद आहे, फरशी धुतलीय, आज तरी मिरची नसेल. मीसुद्धा घाबरलेच ना! त्याचे जुने एक्स-रे आठवत बसले होते." आणि बोलता बोलता त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो स्कार्फ तोंडावरून काढला आणि तीनदा शिंकून परत बांधला.

आई मोरीतच उभी राहिली होती. हाताला राख, हातात ताटली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. पुसायची सोय नव्हती, हात भरलेले. मी माझ्या बाहीनं पुसायला गेले, तर मामा ओरडला, "बाहीनं नको! मिरची हाय म्हणतीस ना?"

"मग?" आईनं मला विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता तिचा. "आता काय म्हणतीस?"

"हो," मी म्हणाले. "पण गादी धुवायची."

बघण्याचा कार्यक्रम त्याच संध्याकाळी, मिरवणूक संपल्यावर, मारुतीच्या कट्ट्यावर परत झाला. उघड्या हवेत. आई धुतलेल्या केसांनी आणि शेजारणीची साडी नेसून आली, दोरीवर बाहेर वाळलेली. सर्जेरावांनी पोह्यांऐवजी लग्नातली जिलेबी आणली होती. कुणीही खोकलं नाही. मामानं उगीच घसा खाकरला तर सगळ्यांनी त्याच्याकडे रागानं बघितलं.

लग्न झालं त्याला आता चार वर्षं होत आली. मी त्यांना अण्णा म्हणते. आम्ही अण्णांच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत राहतो, आई आता शिवणकाम करते. फळीवर दोन डब्या शेजारी शेजारी असतात. सकाळी चहाआधी दोघं एकमेकांना गोळी देतात, नमस्कार-चमत्कार करावा तसे. ताई सांगतात, त्या नोकरीला लागल्या तेव्हा आठवड्यातून एकदा तरी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडायच्या. आता लोक इतके पेढे आणून देतात की साखर वाढायची भीती.

गेल्या महिन्यात आम्हीही नेले. माझ्या बहिणीची, स्वराची, शेवटची तपासणी होती. दीड वर्षाचं मूल झालं की ती करतात आणि मग पक्कं कळतं. जन्मल्यापासून आई तिला घड्याळ लावून औषध पाजत होती, तरीही दवाखान्याच्या बाकावर अण्णांचे ओठ हलत होते, ट्रम्पेटशिवाय. मेघनाताई दार उघडून बाहेर आल्या. स्कार्फ नव्हता, त्यामुळे चेहरा सगळा दिसत होता. कळलंच.

तिथून निघालो ते पेढ्याचा पुडा घेऊन थेट मामाकडे. हंगाम चालू, डंक धडधडतोय. मामानं मशीन बंद केलं, हात धुतले, स्वराला उचलून कॉटवर ठेवलं. "माझी राणी! माझी सुटलेली राणी!" म्हणत त्यानं कौतुकानं गादीवर दोन थापट्या मारल्या.

स्वराला खोकला आला. एक कोरडी उबळ. मग दुसरी.

अण्णांचा हात हवेत राहिला. माझाही घास. मामा तर पुतळाच झाला. आम्ही सगळ्यांनी आईकडे बघितलं. घरात कुणी नुसतं खाकरलं तरी रात्रभर जागी राहणारी आई.

तिनं पेढ्याचा उरलेला तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"मिरची हाय," ती म्हणाली. "पोरीला अंगणात घे."